लिनक्सचा उंबरठा उंच आहे



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा सांभाळ थांबवला. ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली होती आणि आपल्या बेटावरील कितीतरी घरांतले संगणक तिच्यावरच चालत आले. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. परंतु चोरांपासून रक्षण करणाऱ्या ज्या दुरुस्त्या दर महिन्याला आपोआप येत होत्या, त्या थांबल्या. घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढीव मुदत देऊ केली गेली, तीही काही अटींवर. म्हणजे दुखणे बरे झाले नाही, फक्त पुढे ढकलले गेले.

बरे, विंडोज ११ घ्यावी म्हटले तर तिच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते, आणि २०१७ सालापूर्वीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर तिला चालत नाहीत. अशा यंत्राचा पडदा चांगला असतो, कळफलक चांगला असतो, मुलांचा गृहपाठ त्यावर व्यवस्थित होतो, तरी त्याला निवृत्तीची नोटीस मिळते. आपल्या बेटावर संगणक तयार होत नाहीत. प्रत्येक यंत्र समुद्र ओलांडून येते आणि त्याचे पैसे एखाद्या पित्याच्या पगारातून किंवा आजीच्या पेन्शनमधून जातात. टाकून द्यावे तर कचरा पुरायला आपल्याकडे मार शिकोज ही एकच जागा, आणि ती किती भरली आहे हे आपण वर्तमानपत्रांत वाचतच असतो.

अशा वेळी जाणकार मंडळी सांगतात, "लिनक्स बसवा." सल्ला योग्य आहे. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. पुढे जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. आज ही प्रणाली मोफत मिळते, कुणालाही वाटता येते आणि जुन्या यंत्रावरही चालते. उदाहरणार्थ लिनक्स मिंट या तिच्या एका रूपाला किमान २ जीबी स्मृती आणि २० जीबी जागा पुरते, जरी ४ जीबी असलेली बरी. पत्रे लिहायला लिब्रेऑफिस आहे, इंटरनेट पाहायला फायरफॉक्स आहे. ज्याने विंडोज वापरली आहे त्याला मिंट वापरायला शिकण्यास दोन दुपारी पुरतात, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांत पाहिले आहे.

मग लोक ती घेत का नाहीत? माझे मत असे की लिनक्सचे घर प्रशस्त आहे, पण उंबरठा उंच आहे. वापरणे सोपे झाले, बसवणे मात्र सामान्य माणसाला अजून जमत नाही. आणि हा दोष माणसाचा नाही. शिक्षक म्हणून मी एवढे नक्की सांगू शकतो की वर्गातील एक मूल नापास झाले तर मुलाकडे पाहावे, पण अर्धा वर्ग त्याच प्रश्नावर अडखळला तर प्रश्नपत्रिका पुन्हा वाचावी.

ही अडचण दैवाने ठरवलेली नाही, हे इतिहासावरून दिसते. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन ही रूपे निघाली, तेव्हा फ्लॉपींच्या चळतीच्या चळती एकामागून एक घालाव्या लागत, आणि आपल्या यंत्राचा प्रत्येक भाग कोणता हे माणसाला तोंडपाठ असावे लागे. १९९९ मध्ये काल्डेरा नावाच्या कंपनीने चित्रांच्या साहाय्याने चालणारा बसवणीचा कार्यक्रम काढला. सामान आत उतरत असताना माणसाला कंटाळा येऊ नये म्हणून त्यात टेट्रिसचा खेळही ठेवला होता. २००० मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नोपर यांनी क्नॉपिक्स काढले. त्यात सीडी घालून यंत्र सुरू करावे, संपूर्ण लिनक्स वापरून पाहावे आणि सीडी काढली की यंत्र जसेच्या तसे. ही कल्पना मोलाची ठरली, कारण साडी घेण्यापूर्वी अंगावर धरून पाहावी तसे आता संगणकाचे झाले.

ऑक्टोबर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी उबुंटूची पहिली आवृत्ती काढली. त्यानंतर काही वर्षे, २०११ पर्यंत, ते मागेल त्याला टपालाने फुकट सीडी पाठवत. आपल्यासारख्या बेटावर, जेथे त्या काळी इंटरनेट संथ आणि महाग होते, त्या पाकिटाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २००६ च्या आवृत्तीत, आधी वापरून पाहायचे आणि आवडले तर त्याच पडद्यावरून बसवायचे, अशी सोय झाली. २००८ मध्ये वुबी आला. त्याने उबुंटू विंडोजच्या आत एखाद्या साध्या प्रोग्रामसारखी बसे आणि नको झाली तर तशीच काढता येई. पुढे विंडोज ८ आणि नव्या पद्धतीची यंत्रे आली तेव्हा वुबीचे जमेना, आणि २०१३ मध्ये ते दार बंद झाले. माझ्या मते साध्या माणसासाठी इतके निर्भय दार नंतर कुणी बांधले नाही.

आता आजची स्थिती पाहू. बसवणीचा पहिला पडदा दिसण्याआधीच तीन अडथळे येतात.

पहिला अडथळा फाईलचा. सुमारे तीन जीबीची, काही रूपांत त्याच्या दुप्पट, अशी एक फाईल उतरवायची. ती यूएसबी पेनवर नुसती नक्कल केली तर काही होत नाही. ती एका खास प्रोग्रामने लिहावी लागते. हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसे? गाणी नक्कल होतात, फोटो नक्कल होतात, मग हीच फाईल का नाही? येथे फेडोरावाल्यांनी चांगले काम केले आहे. त्यांचा एकच छोटा प्रोग्राम विंडोजमध्ये चालतो, फाईल स्वतः उतरवतो आणि पेनवर स्वतः लिहितो. सर्वांनी असेच का करू नये?

दुसरा अडथळा चालू करण्याच्या क्षणाचा. यंत्राने विंडोजकडे न जाता पेनकडे जावे म्हणून नेमक्या वेळी नेमके बटण दाबावे लागते. डेलला एफ-१२, एचपीला एफ-९ किंवा एस्केप, आणखी कुणाला आणखी काही. एका सेकंदाने चुकले की विंडोज सुरू, पुन्हा पहिल्यापासून. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केले की पेन निवडण्याचा पडदा बहुतेक यंत्रांत येतो, पण ही साधी गोष्ट किती मार्गदर्शिकांच्या पहिल्या पानावर असते? खरे तर पेन लिहिणारा प्रोग्रामच यंत्राला सांगू शकतो की पुढच्या वेळी येथून सुरू हो. तशी व्यवस्था नव्या यंत्रांत आहे. कुणीतरी कष्ट घ्यायला हवेत, एवढेच.

तिसरा अडथळा कुलपांचा. सिक्युअर बूट हे एक कुलूप. बिटलॉकर हे दुसरे, ज्यात डिस्कवरील सर्व मजकूर गुप्त लिपीत असतो. अनेक नव्या यंत्रांत ते मालकाच्या नकळत लावलेले असते. बसवणी अर्ध्यावर येऊन म्हणते, "बिटलॉकर चालू आहे, ते बंद करून या." सूचना योग्य आहे, पण ती शेवटी का? परीक्षेला ओळखपत्र लागते हे आपण मुलाला परीक्षेच्या दारात सांगत नाही, आदल्या दिवशी सांगतो. पेन लिहिण्याच्या वेळी, विंडोज चालू असतानाच, यंत्राची तपासणी करून सांगता येईल की अमुक कुलूप आहे, अमुक जागा शिल्लक आहे, तमुक वायफाय ओळखीचे आहे. मग माणूस तयारीने बसेल किंवा शहाणपणाने थांबेल.

या तिन्हींपेक्षा मोठी गोष्ट पुढे येते. तो प्रश्न आहे डिस्कचा, आणि येथे खरोखर काही गमावले जाते. वाक्वा येथील माझ्या ओळखीच्या एका घरी कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवायचे ठरवले. हेतू उत्तम होता, नवे यंत्र घेण्याचा खर्च वाचणार होता. पडद्यावर प्रश्न आला आणि "डिस्क पुसून बसवा" हे उत्तर आधीच निवडलेले होते. घरात कुणाला वाटले नाही की डिस्क म्हणजे सर्व काही. त्यांना वाटले, जुनी विंडोज पुसून तिच्या जागी नवी प्रणाली येईल, जसे भिंतीवरचे जुने कॅलेंडर काढून नवे लावतात. त्या यंत्रात गेल्या वर्षी निवर्तलेल्या आजीचे फोटो होते, गणेश चतुर्थीच्या मिरवणुकांचे होते, एका लग्नाचे होते. दुसरीकडे नक्कल नव्हती. पंधरा मिनिटांत सर्व गेले. वडील मला म्हणाले, "गुरुजी, त्याने आम्हाला विचारले होते हो. पण प्रश्नच कळला नाही."

हे वाक्य बसवणीचे कार्यक्रम लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या टेबलासमोर लावावे. संगणकाने विचारले म्हणजे माणसाला कळले असे होत नाही. आणि इशारा तर तेथे होताच, बारीक अक्षरांत, परक्या शब्दांत. तो असावा तर असा की, "या डिस्कवर फोटो आणि कागदपत्रे आहेत. पुढे गेलात तर ती कायमची जातील. त्यांची नक्कल दुसरीकडे केली आहे का?" आणि त्याच पडद्यावर "आधी नक्कल करू" असे एक बटण असावे, जे बाहेरची डिस्क जोडायला सांगेल आणि फोटो तिच्यावर उतरवील. पेनवरून चालणाऱ्या लिनक्सला विंडोजच्या फाईली बहुधा वाचता येतात, त्यामुळे हे अशक्य मुळीच नाही. आणि "पुसा" हे उत्तर कधीही आधीच निवडलेले नसावे.

भाषेविषयीही दोन शब्द. पार्टिशन, रूट, स्वॅप, माउंट पॉइंट हे शब्द इंग्रजी जाणणाऱ्यालाही समजत नाहीत, मग त्यांचे शब्दशः भाषांतर करून काय साधणार? डेबियनच्या बसवणीत भाषांच्या यादीत मराठीही आहे, आणि रेड हॅट कंपनीने खुल्या केलेल्या लोहित अक्षरांमुळे देवनागरी पडद्यावर नीट दिसते. ज्या स्वयंसेवकांनी हे काम केले त्यांचे आपण आभारी असले पाहिजे. पण माझ्या आईला "विभाजन" विचारले काय आणि पार्टिशन विचारले काय, दोन्ही सारखेच. तिला विचारायला हवे, "जुने सामान ठेवून शेजारी नवी खोली बांधू, की सगळे घर रिकामे करू?" सोपी भाषा म्हणजे परिचित गोष्टीच्या आधाराने सांगणे. शिक्षक-प्रशिक्षणात आम्हाला हेच शिकवतात की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे.

कळफलकाचेही तसेच. आपल्याकडे कुणाच्या घरी इंग्रजी धाटणीचा कळफलक, तर कुणाकडे फ्रेंच धाटणीचा. बसवताना चुकीचा निवडला गेला तर ए आणि क्यू यांची अदलाबदल होते, आकडे शिफ्टशिवाय येत नाहीत. माणूस परवलीचा शब्द टाइप करतो, पडद्यावर फक्त ठिपके दिसतात, सर्व ठीक वाटते. नंतर एके दिवशी धाटणी बदलली की यंत्र त्याला आत घेत नाही. खात्री करून घेण्यासाठी आधी एक वाक्य टाइप करायला लावणारी चौकट बहुतेक ठिकाणी असते, पण ती ऐच्छिक असते, आणि ऐच्छिक प्रश्न परीक्षेत किती मुले सोडवतात हे आम्हा शिक्षकांना विचारा.

आता विरुद्ध बाजू पाहू, कारण ती पोकळ नाही. काही जाणकार म्हणतात की लिनक्सचा जीव स्वातंत्र्यात आहे. प्रत्येक गोष्ट माणसाने स्वतः निवडावी. निवड लपवली तर आपणही त्या मोठ्या कंपन्यांसारखेच होऊ. शिवाय जो बसवायला शिकत नाही तो पुढे अडला तर काय करील?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर डेबियननेच दिले आहे. तत्त्वाला इतका कडक जपणारा समाज दुसरा सापडणे कठीण. वायफायसारख्या भागांना लागणारा बंदिस्त कंपन्यांचा मजकूर ते अनेक वर्षे आपल्या मुख्य बसवणीत ठेवत नसत. परिणाम असा की पुष्कळ लॅपटॉपांवर बसवतानाच वायफाय चालत नसे. २०२२ मध्ये सभासदांनी मतदान केले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून तो मजकूर बसवणीतच येऊ लागला. पण काय घातले हे सांगितले जाते, आणि ज्याला नको त्याला तो टाळताही येतो. तत्त्व राहिले आणि सामान्य माणसाचे वायफायही चालले. दोन दारे ठेवावीत, एक रुंद आणि सरळ, दुसरे ज्याला प्रत्येक खिळा स्वतः ठोकायचा आहे त्याच्यासाठी. रुंद दार उघडल्याने अरुंद दाराचा अपमान होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. सोपे दार उघडले की आत येणारा उद्या विचारील, "माझा प्रिंटर कुठे? मुलाचा तो खेळ का चालत नाही? ऑफिसातला कार्यक्रम का उघडत नाही?" मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्सवर नेहमीप्रमाणे बसत नाही, काही खेळ चालत नाहीत, हे लपवून उपयोग नाही. म्हणून बसवण्याआधी पेनवरून एक-दोन दिवस वापरून पाहणे ही सूचना ठळक हवी. प्रिंटर जोडा, बँकेचे संकेतस्थळ उघडा, मुलाच्या शाळेची फाईल उघडा, मगच ठरवा. नाही जमले तर न बसवण्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. विंडोज बसवणे सोपे आहे अशी जी समजूत आहे तीही तपासून पाहावी. आपल्यापैकी किती जणांनी विंडोज स्वतः बसवली आहे? ती दुकानातूनच बसून येते. लिनक्सकडून आपण जी परीक्षा घेतो ती विंडोजने आपल्या घरी कधी दिलीच नाही. म्हणून आयती बसवलेली यंत्रे दुकानांत मिळाली तर अर्धा प्रश्न सुटेल. उरलेला अर्धा माणसांनी सोडवायचा आहे.

हे शक्य आहे याचे उदाहरण भारतातच आहे. केरळ राज्याच्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीच वापरली जाते. तेथे शाळांसाठी लिनक्सची स्वतःची जुळणी तयार केली गेली, धड्यांना लागणारे कार्यक्रम आधीच त्यात घातले गेले आणि, मुख्य म्हणजे, शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले. प्रत्येक शिक्षक तंत्रज्ञ झाला नाही, पण प्रत्येक शाळेत विचारायला कुणीतरी झाले. विंडोज १० ची मुदत संपत आली तेव्हा युरोपात "एंड ऑफ टेन" नावाची मोहीम निघाली. तिचाही भर यावरच होता की जवळचा मदतनीस शोधा, दुरुस्ती-मेळाव्याला जा, एकटे बसू नका.

आपल्या मराठी मंडळांना हे का जमू नये? सभागृहे आहेत, खुर्च्या आहेत, चहा करणारे हात आहेत. इंजिनियरिंग शिकणारी आपली मुलेमुली आहेत, जी फावल्या वेळी हेच करत असतात. महिन्यातून एक शनिवार ठेवावा. नियम तीनच असावेत. पहिला, घरातील फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, आणि उतरलेली फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहायची. दुसरा, त्या दिवशी फक्त पेनवरून वापरून पाहायचे, बसवणे पुढच्या शनिवारी. तिसरा, यंत्राच्या मालकाने स्वतः बटणे दाबायची, मुलांनी शेजारी बसून फक्त सांगायचे. मदतनीस घरी गेल्यावर पुढे काय करायचे ते एका कागदावर लिहून द्यावे, फ्रेंचमध्ये, क्रेओलमध्ये किंवा मराठीत, ज्याला जे वाचता येते त्यात.

त्या मुलांना एक काम आणखी सांगेन. कुणी आजोबा किंवा मावशी ज्या पडद्यापाशी थबकतात तो पडदा लिहून ठेवा. त्या किती वेळ थांबल्या, काय पुटपुटल्या, कोणत्या शब्दावर बोट ठेवले, सर्व टिपा. आणि ती टिपणे ज्यांनी तो कार्यक्रम लिहिला त्यांना पाठवा. लिनक्सची हीच तर थोरवी आहे की सांगायला दार उघडे आहे. फेडोराने २०२५ मध्ये आपली बसवणी नव्या रूपात आणली, उबुंटूनेही २०२३ मध्ये नवी केली. म्हणजे ही मंडळी बदलायला तयार आहेत. परंतु त्यांच्याभोवती सर्व जाणकार बसलेले असतात. जाणकाराला कुठे अडते हे त्यांना माहीत आहे, मावशींना कुठे अडते हे त्यांना कोण सांगणार?

विकत घेण्याची ऐपत नाही म्हणून आपल्या पूर्वजांनी अवजारे टाकून दिली नाहीत. दांडा मोडला तर नवा दांडा बसवला आणि कुदळ पुन्हा शेतात नेली. ज्यांनी लिनक्स लिहिले त्यांनी आपल्या हाती नवा दांडा फुकट ठेवला आहे, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. आता तो बसवण्याची रीतही साध्या माणसाच्या हाताला येईल अशी करावी, ही त्यांना विनंती. आणि तोवर, वाचकहो, घरातला तो जुना ऑर्दिनातेर कचऱ्यात टाकू नका. त्यातले फोटो मात्र आजच दुसरीकडे उतरवून ठेवा.